पहिल्या पिचची तयारी: अनोळखी ग्राहकाला जाहिरातीची कल्पना कशी दाखवावी

हा लेख दोन-तीन माणसांच्या स्टुडिओसाठी आहे. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात बसून डिझाइन, कॉपी (जाहिरातीचा मजकूर), व्हिडिओ अशी कामे करणारे, आजवर ओळखीपाळखीतून आलेल्या कामावर चाललेले आणि आता अनोळखी ग्राहकाच्या दारात जायचे ठरवणारे जे आहेत, त्यांच्यासाठी. मुंबईतल्या मोठ्या एजन्स्या देशभरच्या ब्रँडसाठी करतात ते पिच वेगळे. तिथे ब्रीफ, म्हणजे ग्राहकाला काय हवे त्याचे टिपण, लेखी येते आणि समोर मार्केटिंगची अख्खी टीम बसते. आपल्यासमोर सराफ असतो, बिल्डर असतो, मसाल्याचा कारखानदार, क्लासचे सर, नाहीतर दुचाकीच्या शोरूमचा मालक. पैसा त्याच्या स्वतःच्या खिशातला असतो. त्यामुळे तुमची कल्पना सुंदर आहे की नाही हा त्याच्या लेखी दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न गल्ल्याचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या पहिल्या प्रश्नाभोवती रचल्या आहेत.

## १. आधीच खर्च करणारा ग्राहक निवडा

ज्याने आजवर जाहिरातीवर रुपया घातलेला नाही, त्याला जाहिरातीचे महत्त्व पटवायला जाऊ नका. जो खर्च करतो आहे, पण ज्याची जाहिरात शेजारच्या दुकानाच्या जाहिरातीसारखीच दिसते, तो तुमचा माणूस. असे लोक शोधायला महिनाभर स्थानिक दैनिकांच्या शहर पुरवण्या चाळा, रोजच्या रस्त्यावरची होर्डिंग टिपून ठेवा, एफएमवर कोण वारंवार ऐकू येते ते लिहा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर कोणाच्या जाहिराती चालू आहेत ते मेटाच्या ॲड लायब्ररीत फुकट पाहता येते. गुगलचेही तसेच ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर आहे. यातून पाच-सहा नावे काढली तरी पुरे.

मग कॅलेंडर बघा. सराफाचे मोठे दिवस गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशी. दिवाळीचे काम हवे असेल तर आषाढात भेट मागा, कारण गणपती उठेपर्यंत बहुतेकांचे पैसे कुठे जायचे ते ठरलेले असते. पितृपक्षात नवे काम सुरू करायला अनेक जण नाही म्हणतात, पण दुकानात गर्दी कमी असते आणि मालक बोलायला मोकळा असतो; भेटीगाठींना तो पंधरवडा उत्तम. बियाणे-खतांची माणसे खरिपाआधी ठरवतात, क्लासवाले निकालाच्या तोंडावर घाईत असतात, पंखे-कूलरवाल्याकडे एप्रिलमध्ये जाऊन काही उपयोग नाही.

एक पथ्य: ज्याच्यासाठी आत्ता काम करता, त्याच्या समोरच्या दुकानदाराकडे त्याच मोसमात पिच घेऊन जाऊ नका. गावात ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचते.

## २. दुकानात जाऊन उभे राहा

संकेतस्थळ वाचणे हा गृहपाठ नव्हे. दुकानात जा, काहीतरी विकत घ्या आणि गिऱ्हाईक काय विचारते ते ऐका. सराफाकडे घडणावळीवरून घासाघीस होते की शुद्धतेबद्दल शंका विचारल्या जातात? बिल्डरच्या साइट ऑफिसात लोक आधी काय विचारतात: पार्किंग, पाणी की ताबा? काउंटरवरच्या मुलाला सहज विचारले की गिऱ्हाईक आत येऊन परत का जाते, तर मालकालाही माहीत नसलेली उत्तरे मिळतात. माल दुकानदारांमार्फत विकला जात असेल तर वितरकाला गाठा. गुगलवरच्या एक तारा दिलेल्या तक्रारी तर वाचाच. त्यातली वारंवार येणारी तक्रार तुमच्या पिचमध्ये कुठेतरी लागते.

या सगळ्याचा अर्क एका वाक्यात लिहून काढा. उदाहरणार्थ: «लग्नाची खरेदी लोक तुमच्याकडे करतात, पण वाढदिवसाची अंगठी घ्यायला मॉलमधल्या ब्रँडकडे जातात.» असे वाक्य हाती नसेल तर डिझाइनला बसू नका.

## ३. «हो» कोण म्हणणार ते आधी कळू द्या

नवख्यांची सगळ्यात जास्त पिचे इथेच पडतात, म्हणून यावर जरा थांबतो.

भेट बहुधा पुढच्या पिढीशी होते. मुलगा किंवा मुलगी बाहेर शिकून आलेली, इन्स्टाग्राम बघणारी. त्यांना तुमचे काम आवडते, चहा येतो, «भारी आहे» म्हणतात आणि तुम्ही खुशीत घरी येता. मग आठवडे जातात. कारण सही वडिलांची असते आणि वडिलांना तुमची कल्पना मुलाने जेवताना, त्याच्या शब्दांत, अर्धीच सांगितलेली असते. कधी तिसरेच माणूस असते: गल्ल्यावर बसणाऱ्या आई, तीस वर्षे हिशेब बघणारे दिवाणजी, दुसऱ्या गावची शाखा सांभाळणारे काका, किंवा घरचा सीए.

«निर्णय कोण घेतो?» असे थेट विचारले तर समोरचा म्हणणार, «मीच.» त्याऐवजी विचारा, «मागच्या दिवाळीची जाहिरात शेवटी कोणी फायनल केली होती?» आणि «जाहिरात छापून आल्यावर घरात कोण काय म्हणाले?» या दोन प्रश्नांत अख्खे कुटुंब डोळ्यांसमोर उभे राहते. मग नम्रपणे सांगा की प्रेझेंटेशनला मोठे साहेब असतील तेव्हाच येतो, तारीख पुढे गेली तरी चालेल. तरीही ते येणार नसतील, तर कल्पना तुमच्याशिवाय सांगता येईल असे एक पान तयार ठेवा: वर एक ओळ, मध्ये एक चित्र, खाली तीन वाक्यांत कारण. मुलगा ते पान जेवणाच्या टेबलावर ठेवू शकतो.

सहकारी संस्थांचे गणित निराळे. दूध संघ, पतसंस्था किंवा साखर कारखान्यात कार्यकारी संचालक किंवा व्यवस्थापक तुमचे ऐकतो, पण विषय संचालक मंडळापुढे जातो. तीन दरपत्रके मागवली जातात आणि त्यातले सगळ्यात स्वस्त कोणते एवढेच कधीकधी पाहिले जाते. तुमची कल्पना मंडळाच्या टिपणीत एका ओळीत येणार हे धरून ती ओळ तुम्हीच लिहून द्या. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि नेत्यांच्या फोटोंची रांग जाहिरातीत येणारच. ती नको म्हणून भांडण्यापेक्षा पहिल्याच ले-आउटमध्ये तिच्यासाठी नीट जागा ठेवावी. हे मी अनुभवाने सांगतो आणि थोड्या दुःखानेही.

संबोधन: मुंबईच्या एजन्स्यांमधला एकेरी नावाने हाक मारायचा रिवाज इथे आणू नका. वयाने लहान असला तरी ग्राहकाला अहो-जाहो. बाजारात जे चालते ते चालवा: कोणी शेठ असतो, कोणी दादा, कोणी सर. बाकीचे त्यांना काय म्हणतात ते दारातच ऐकून घ्या.

## ४. ब्रीफ स्वतः लिहा आणि त्यावर होकार घ्या

लेखी ब्रीफ मिळेल ही आशा सोडा. पहिल्या भेटीत तोंडी जे ऐकले ते एका पानात उतरवून काढा: काय विकायचे आहे, कोणाला, लोक आज काय समजतात, मोसम संपल्यावर काय झाले म्हणजे पैसे वसूल म्हणायचे, कुठल्या गावांत, कुठल्या माध्यमात, कधीपर्यंत. ते पान व्हॉट्सॲपवर पाठवा आणि «बरोबर आहे ना?» विचारा. उत्तरात नुसते «ओके» आले तरी चालेल. पुढे कोणी म्हणाले की आम्हाला हे नकोच होते, तर तो «ओके» कामाला येतो.

बजेटबद्दल विचारायला लाजू नका, पण वेगळ्या वाटेने विचारा. «बजेट किती?» याला ठरलेले उत्तर आहे: «तुम्ही सांगा किती लागेल.» त्यापेक्षा «मागच्या दिवाळीत पेपर, होर्डिंग, रेडिओ मिळून साधारण किती गेले?» असे विचारले की आकडा निघतो. होऊन गेलेल्या खर्चाबद्दल माणूस मोकळेपणी बोलतो.

इथेच एक वाक्य हमखास ऐकू येईल: «डिझाइन तर पेपरवाला फुकट करून देतो.» हे खरे आहे आणि त्याचे कारण तुम्हाला ठाऊक असायला हवे. वर्तमानपत्रे त्यांची जागा विकून देणाऱ्या मान्यताप्राप्त एजन्सीला परंपरेने १५ टक्के कमिशन देत आली आहेत. एजन्सीचे पोट त्या कमिशनवर भरते, म्हणून ले-आउट ती वर टाकून देते. हा धंदा सुरूच मुळी जागा विकण्यापासून झाला. गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी देशातल्या सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांमध्ये गणली जाते आणि तेव्हापासून गावोगावच्या कितीतरी एजन्स्या याच हिशेबावर जगल्या. तुमचे उत्तर सरळ असावे: पेपरवाल्याला जास्त जागा विकायची असते, मला तुमची जागा कमी करून तोच परिणाम साधायचा आहे. अर्ध्या पानाऐवजी पाव पान, पण लक्षात राहील असे. वाचलेल्या पैशाचा आकडा त्याच्याच पेपरच्या दराने काढून दाखवा.

## ५. कमी दाखवा, कच्चे दाखवा

एक कल्पना शिफारशीची आणि एक राखीव. सहा पर्याय दाखवले की ग्राहक एकाचे शीर्षक, दुसऱ्याचा रंग आणि तिसऱ्याचा फोटो उचलून स्वतःच सातवा बनवतो.

प्रत्येक कल्पनेसाठी एक ओळ, एक मुख्य चित्र आणि ती प्रत्यक्षात कशी दिसेल त्याचे तीन नमुने पुरतात. नमुने मात्र त्याच्या जगातले हवेत: त्याच्याच पेपरच्या पानावर बसवलेली पाव पानाची जाहिरात, त्याच्याच चौकातल्या होर्डिंगचा फोटो घेऊन त्यावर चढवलेले चित्र, आणि मोबाइलवर पुढे पाठवता येईल अशी उभी प्रतिमा. पॅरिसच्या बस स्टॉपवरचा तयार मॉकअप लावून नेऊ नका. मालक बस स्टॉपकडेच बघत बसतो. रेडिओची जाहिरात असेल तर संहिता वाचून दाखवण्याऐवजी मोबाइलवर स्वतःच्या आवाजात कच्ची ध्वनिमुद्रित करून ऐकवा.

छापायला तयार असे पक्के आर्टवर्क पिचमध्ये कधीही करू नका. फार घोटलेले काम बघितले की समोरच्याला वाटते सगळे झालेच आहे, आता पैसे कशाचे? एआयने केलेली चित्रे कच्च्या आराखड्यात चालतात, पण «हे फक्त कल्पना दाखवायला आहे, शूट वेगळे होईल» असे तोंडाने सांगा. इंटरनेटवरून उचललेला नटनट्यांचा फोटो कच्च्यातही नको. ग्राहक तोच धरून बसतो.

मजकूर पहिल्यापासून मराठीत लिहा. आधी हिंदीत सुचलेली ओळ नंतर मराठीत आणली की ती कानाला खटकते, आणि ग्राहकाच्या आईला सगळ्यांत आधी खटकते. सांगलीच्या ग्राहकासाठी सदाशिव पेठेतली ओळ नको, नागपूरच्या ग्राहकासाठी तर नकोच.

आता तांत्रिक, पण महत्त्वाचे. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरच्या टाइप सेटिंगमध्ये भारतीय लिपींचा, म्हणजे वर्ल्ड-रेडी, पर्याय चालू नसेल तर जोडाक्षरे फुटतात, रफार भलतीकडे जातो, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते. «सुवर्णसंधी» हा शब्द टाइप करून बघा, लगेच कळेल. ग्राहकाकडच्या जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीच्या असतील तर तो मजकूर तसाच चिकटवता येणार नाही, पुन्हा टाइप करायची तयारी ठेवा. फॉन्टचा परवाना तपासा. मुंबईच्या «एक टाइप» या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे आणि व्यावसायिक कामाला फुकट वापरता येतो. पीडीएफ करण्याआधी अक्षरे आउटलाइन करा (म्हणजे अक्षरांचे आकारांत रूपांतर करा), म्हणजे ग्राहकाच्या संगणकावर चौकोन दिसणार नाहीत.

## ६. दाखवण्याआधी कायद्याच्या चाळणीतून काढा

ग्राहकाने आवडून घेतलेली कल्पना नंतर कायद्यामुळे मागे घ्यावी लागली तर पुढचे कामही जाते. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे आस्की, ही १९८५ पासूनची स्वनियमन संस्था. तिची संहिता एकदा तरी वाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र सरकारी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. त्याच प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत, तुमच्या दोन माणसांच्या स्टुडिओसकट.

त्यातली एक तरतूद आपल्याकडे रोज मोडली जाते. अटींचा मजकूर मूळ दाव्याच्या भाषेतच हवा. मराठीत «मोफत» आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हे चालत नाही.

धंद्यानुसार आणखी काही:

- बिल्डर: २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता, कायद्यानुसार जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि रेरा प्राधिकरणाचे संकेतस्थळ हवे. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. ले-आउटमध्ये त्याची जागा पहिल्या कच्च्या आराखड्यापासून धरा.
- क्लास: ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या सूचनांप्रमाणे यशस्वी विद्यार्थ्याचे नाव-फोटो वापरायला त्याची लेखी संमती लागते आणि ती निकालानंतरच घ्यायची असते. प्रवेशाच्या अर्जावर आधीच घेतलेली सही चालत नाही. विद्यार्थ्याने कोणता कोर्स किती मुदतीचा केला तेही लिहावे लागते.
- औषधे, काढे, तेले: १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा कायदा मधुमेह, कर्करोग अशा अनेक आजारांवर इलाजाचा दावा करूच देत नाही.
- महापुरुष: छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र टाका असा आग्रह होणारच. १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या अनुसूचीत महाराजांचे आणि महात्मा गांधींचे नाव व चित्र आहे, व्यापारी वापराला मनाई आहे. हा कायदा पुढे केला की नकार देणे सोपे जाते आणि कोणाच्या भावनेचा प्रश्नही उरत नाही.
- होर्डिंग: घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली. कल्पना होर्डिंगवर उभी असेल तर जागामालकाकडे पालिकेचा परवाना आणि स्ट्रक्चरल (सांगाडा मजबूत असल्याचा) दाखला आहे का, हे विचारून मगच ती जागा सुचवा.

## ७. कल्पना चोरीला जाण्याबद्दल

हा प्रश्न प्रत्येक नवखा पहिल्यांदा विचारतो. खरे उत्तर थोडे कडू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने नुसत्या कल्पनेला संरक्षण मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळते. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली हे स्पष्ट केले. पण विश्वासाने दाखवलेली संकल्पना ही गोपनीय माहिती ठरू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या खटल्यात, मालिकेच्या संकल्पनेबाबत, हे मान्य केले. तेव्हा संकल्पना दाखवल्याची नोंद मागे राहील असे वागा.

प्रत्येक पानावर तारीख आणि स्टुडिओचे नाव, पहिल्या पानावर «ही मांडणी फक्त विचारार्थ, गोपनीय, वापराचे हक्क मोबदल्यानंतर» अशी ओळ. बैठकीच्या दिवशीच कमी रिझोल्यूशनची पीडीएफ ईमेलने पाठवा. मूळ एडिट होणारी फाइल कोणत्याही सबबीवर नाही. स्टँपपेपरवरचा गोपनीयतेचा करार पहिल्या भेटीत पुढे केला तर गावाकडचा व्यापारी बिचकतो. तिथे वरची ओळ आणि ईमेल पुरेसे.

हक्कांचे आणखी दोन मुद्दे, जे काम मिळाल्यावर लागतात. हक्क हस्तांतर लेखीच लागते, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. आणि पैसे घेऊन काढलेला फोटो किंवा फिल्म असेल, तर करारात वेगळे लिहिले नसल्यास पहिला मालक ग्राहक असतो. म्हणून फोटोग्राफरशी आणि ग्राहकाशी, दोघांशी, वापराबद्दल लिहून घ्या.

पिचसाठी पैसे मागावेत का? मागावेत. दहातले नऊ नाही म्हणतील, तरी मागा. रक्कम छोटी ठेवा आणि काम मिळाले तर बिलातून वजा करू म्हणा. जो ती देतो तो तुमचे ऐकतोही.

## ८. सोबत काय न्यायचे

- ए-थ्री आकाराचे रंगीत प्रिंट, आणि समोर बसणाऱ्या प्रत्येकासाठी एक पानाचा सारांश
- लॅपटॉप, चार्जर, एचडीएमआय केबल. फाइल पेनड्राइव्हवर आणि मोबाइलमध्येही, इंटरनेटशिवाय उघडेल अशी
- होकार मिळालेल्या ब्रीफचे पान
- आधीच्या कामाचे निवडक नमुने, शक्यतो त्याच धंद्यातले नकोत
- दरपत्रक, बंद पाकिटात
- पॅन, असल्यास जीएसटी क्रमांक, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणीचे प्रमाणपत्र, रद्द केलेला धनादेश; काम लगेच पक्के झाले तर अकाउंटंट तिथेच मागतो

## ९. बैठकीत

ठिकाण बहुतेक वेळा दुकानाच्या मागची केबिन असते. प्रोजेक्टर नसतो, टीव्हीवर सीसीटीव्ही चालू असतो आणि मध्ये चार फोन येतात. म्हणून पडद्यावर अवलंबून राहू नका, प्रिंट टेबलावर ठेवा. फोन आला की थांबा, आणि नंतर मागचे एक वाक्य परत सांगून पुढे जा. एवढ्या धबडग्यातही जी कल्पना कळते, ती पेपरच्या पानावरही कळेल.

स्वतःच्या स्टुडिओच्या इतिहासाने सुरुवात करू नका. पायरी दोनमधले ते एक वाक्य आधी बोला आणि थांबा. मालक मान डोलावतो की वाद घालतो ते बघा. वाद घातला तरी उत्तम, तो बोलू लागला. मग ब्रीफ, मग ओळ, मग चित्र. मराठी ओळ नीट मोठ्याने वाचा, छापील ओळ समोरच्याने मनात वाचावी अशी अपेक्षा नको. चित्र टेबलावर ठेवल्यावर गप्प राहा. त्या वेळी नवखे घाबरून समजावत सुटतात.

«लोगो मोठा करा» हे येणारच. «करून बघतो» म्हणा आणि लिहून घ्या. तिथे वाद नको. पण मूळ ओळच बदलायला सांगितली तर कारण विचारा. अनेकदा कारण खरे असते: ती ओळ दुसऱ्या गावातल्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाशी मिळतीजुळती असते, किंवा घरातल्या कोणाच्या आजारपणाची आठवण करून देते.

अमूलची गोष्ट सांगायचा मोह टाळा. १९६६ साली अमूलचे काम घेतलेले जाहिरातकार डाकुन्हा यांना अमूलच्या कुरियन यांनी मंजुरीची वाट न बघता जाहिराती लावायची मोकळीक दिली होती, हे खरे. पण पहिल्याच भेटीत ती मागणारा माणूस मालकाला फक्त उद्धट वाटतो.

## १०. दरपत्रक आणि वसुली

दर शेवटी, एका वेगळ्या पानावर. कल्पना आणि लेखनाचे पैसे, निर्मितीचे पैसे आणि माध्यमाचे पैसे असे तीन भाग वेगळे दिसू द्या. खाली स्पष्ट लिहा: किती वेळा बदल करून मिळतील, काम कुठे आणि किती काळ वापरता येईल, दर किती दिवस वैध आहे, अर्धी रक्कम आगाऊ. जाहिरात सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सामान्यतः नोंदणी लागत नाही. तुमची नोंदणी असेल तर «जीएसटी वेगळा» हे शब्द विसरू नका, नाहीतर तो तुमच्या खिशातून जातो. ग्राहक टीडीएस कापेल, त्याचा दर कामाच्या स्वरूपावर ठरतो. सीएला एकदा विचारून ठेवा.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. पिचला जाण्याआधीच करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असते. त्यावर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात तरतूद आली की मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची वजावट ग्राहकाला त्या वर्षी मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मार्चमध्ये ग्राहकाचा सीएच त्याला तुमची आठवण करून देतो. वसुलीच्या फोनपेक्षा हे बरे.

आणि माध्यमाचे पैसे स्वतःच्या खिशातून कधीही भरू नका. पेपरची रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याचा आदेश, ग्राहकाच्या नावाने, पैसे ग्राहकाकडून थेट पेपरला. «तुम्ही टाका, मी आठवड्यात देतो» या एका वाक्यावर छोटे स्टुडिओ बंद पडलेले मी पाहिले आहेत.

## ११. «कळवतो» नंतर

त्याच संध्याकाळी आभाराचा छोटा निरोप आणि ठरलेल्या बदलांची यादी पाठवा. चार-पाच दिवसांनी एक फोन, तोही काहीतरी नवे घेऊन: प्रतिस्पर्ध्याची आलेली जाहिरात, होर्डिंगची रिकामी झालेली जागा. «काय ठरलं?» एवढेच विचारणारा फोन नको. दोनदा उत्तर टाळले गेले तर तिसऱ्यांदा सरळ विचारा, «या मोसमात नाही असे धरू का?» नकार मिळाला तरी मोसमानंतर पुन्हा भेटायला जा. दिवाळीची जाहिरात चालली नाही, ही कुरकूर मार्गशीर्षात ऐकायला मिळते.

होकार मिळाला तर तोंडी होकारावर कामाला लागू नका. व्हॉट्सॲपवर का होईना, कामाचा आदेश आणि आगाऊ रक्कम येऊ द्या. मग पक्के आर्टवर्क करा, त्याच्या प्रिंटवर मालकाची सही घ्या. छापायला पाठवण्यापूर्वी जाहिरातीतला फोन नंबर स्वतः लावून बघा आणि क्यूआर कोड दोन वेगळ्या मोबाइलवर स्कॅन करा.